मेणबाईची पिशवी

फीत अर्ध्यावर आली आणि नेमकी तेव्हाच कळ उठली.

मेणबाईनं चाक थांबवलं नाही. पात्याखालून मेणाचा एकेक काप सुटत होता आणि आधीच्या कापाला कडेनं चिकटत त्यांची लांब, पांढुरकी फीत होत होती. अशी फीत मध्येच थांबवली तर सुरकुतते, ओढली तर तुटते. तिनं खालचा ओठ दातांत धरला, डाव्या हातातल्या कुंचल्यानं फितीचं टोक अलगद उचललं आणि उजव्या हातानं त्याच गतीनं चाक फिरवत राहिली. दहा काप. बारा. चौदा. मग फीत उचलून तिनं शेजारच्या कोमट पाण्यावर आडवी सोडली. पाण्यावर ती पसरली, ताणली गेली, गुळगुळीत झाली. तेव्हा कुठं मेणबाईनं टेबलाची कड दोन्ही हातांनी पकडली आणि डोळे मिटले.

"आज बॉयलर पेटलाय वाटतं," दारातून बरणीमामा म्हणाले.

बॉयलर म्हणजे गरम पाण्याची रबरी पिशवी. मेणबाई ती पांढऱ्या कोटाच्या आत पोटाशी पट्ट्यानं बांधून कामाला उभी राहायची. आणि बरणीमामा म्हणजे वरच्या ऑपरेशन थिएटरमधून बरण्या घेऊन येणारे म्हातारे कर्मचारी. माणसाच्या पोटातून, गळ्यातून, छातीतून जे काही कापून काढतात, ते फॉर्मॅलीनच्या पाण्यात बुडवून, बरणीला चिठ्ठी लावून ते ढकलगाडीवरून तळमजल्यावरच्या या प्रयोगशाळेत आणत. इथं डॉक्टर त्यातले तुकडे निवडत, तुकडे मेणात मुरवले जात आणि मेणाच्या त्या ठोकळ्यांचे काप करायचं काम मेणबाईचं. केसाच्या जाडीचे वीस भाग केले तर त्यातला एक, इतका पातळ काप. तो काचेवर घ्यायचा, रंगवायचा आणि मोठ्या मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाठवायचा. माणूस वर वॉर्डात पडून असायचा. त्याचं पुढं काय, हे खाली त्या कापावरून ठरायचं. बावीस वर्षं ती हेच करत होती. तिचं खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं होतं.

"काय काय आणलंत?" तिनं डोळे उघडून वही ओढली.

"दोन पित्ताशयं, एक अपेंडिक्स, तीन पिशव्या," मामांनी भाजीवाल्यासारखं सांगितलं. "सगळा माल ताजा."

पिशव्या म्हणजे गर्भाशयं. वर्षाला तीन-चारशे यायची. मेणबाई चिठ्ठीवरचा नंबर आणि वय वहीत उतरवून घ्यायची. त्यात विचार करण्यासारखं काही नसायचं. आज तिसऱ्या पिशवीच्या चिठ्ठीवर वय एक्केचाळीस होतं आणि तिचं पेन तिथंच अडलं.

ती स्वतः एक्केचाळीस वर्षांची होती. आणि कालच तिला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पिशवी काढायचा विचार करा.

डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, दोनदा दुर्बिणीतून साफसफाई झाली," त्या म्हणाल्या होत्या. "आता दुखणं पिशवीच्या भिंतीतच शिरलंय. सुजून दुप्पट झालीय ती."

"काढली की थांबेल?"

"पाळी थांबेल. पिशवीचं स्वतःचं दुखणं थांबेल. आतड्यापाशी जे चिकटलंय ते जमेल तेवढं सोडवीन. पण सगळं शंभर टक्के थांबेल असं मी लिहून देणार नाही. एक बीजकोश ठेवायचा प्रयत्न करू, म्हणजे म्हातारपण उद्याच दारात उभं राहायला नको. घाई नाही. विचार करा, घरी बोला."

मेणबाई मान डोलावून बाहेर आली होती. गंमत अशी की, समोर ठेवलेली कुठलीही पिशवी हातात न घेता तिनं अंदाजानं ग्रॅममध्ये वजन सांगितलं असतं. गाठ कुठं, सूज किती, तेही सांगितलं असतं. पण आपली पिशवी म्हटल्यावर तिला काहीच सुचेना. जणू आतापर्यंत पाहिलेल्या त्या सगळ्या बरण्यांतल्या, आणि आपल्या पोटातली मात्र वेगळीच काहीतरी वस्तू.

ते दुखणं चौदाव्या वर्षी सुरू झालं होतं. तेव्हा आई म्हणाली, होतं असं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, सगळ्यांनाच होतं. मग एक डॉक्टर म्हणाले, लग्न झालं की थांबेल. लग्नानंतर दुसरे म्हणाले, मूल झालं की थांबेल. मूल राहिलं, एकदाच, आणि अकरा आठवड्यांनी गेलं. दुखणं राहिलं. त्या दुखण्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात, पिशवीच्या आतलं अस्तर भलत्याच जागी उगवतं आणि दर महिन्याला तिथं रक्त साकळतं, एवढं कळायलाच तिला चौतिसावं वर्ष लागलं. दुर्बिणीतून काढलेला पहिला तुकडा तपासायला याच प्रयोगशाळेत आला होता. ती रजेवर होती, काप दुसऱ्या कुणी केले. सात वर्षं ती त्या काचेच्या कपाटावरून दिवसातून दहादा जात होती, पण तिनं तो कप्पा कधी ओढला नव्हता.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. तो बसच्या डेपोत सीटा शिवायचा. फाटलेलं कापड उसवून नवं चढवायचं, दबलेला फोम बदलायचा. बोलण्याच्या बाबतीत हात आखडताच.

"तुला बरं वाटेल ते कर," तो म्हणाला.

"मला काय बरं वाटेल ते मला कळत असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

तो उठला, पाणी तापवलं, रबरी पिशवी भरून तिच्या मांडीवर आणून ठेवली आणि ताटं उचलून आत गेला. सोळा वर्षांच्या संसारात कुठल्याही वादाचा निकाल तो असाच लावत आला होता. मेणबाईला पिशवीची ऊब बरी वाटली आणि त्याचा रागही आला.

दोन दिवस तिनं तसेच काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी, मोठ्या मॅडम एकट्या असताना, ती त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

मोठ्या मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलणं इतकं कमी की पुष्कळदा नुसतं बोट दाखवून काम सांगायच्या. काप जाड झाला असेल तर काच परत यायची, सोबत एक शब्द नाही.

"मॅडम, एक काच बघायचीय. माझी."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "तू केलेली?"

"नाही. माझी म्हणजे... माझ्या पोटातली. सात वर्षांपूर्वीची."

मॅडमनी हातातली काच बाजूला ठेवली. मग त्यांनी समोरच्या स्टुलाकडं बोट दाखवलं.

मेणबाई कपाटाशी गेली, कप्पा ओढला, नंबर तिला पाठ होता. काच दोन बोटांत धरून ती परत आली. मॅडमचा सूक्ष्मदर्शक दोघांनी एकाच वेळी बघायचा होता. नव्या डॉक्टरांना शिकवायला तो ठेवला होता. त्या जागेवर मेणबाई आयुष्यात पहिल्यांदा बसली.

"ही चरबी," मॅडम म्हणाल्या. काच हळूहळू सरकत होती. "हे पोटाच्या आतलं आवरण. बघ किती पातळ आहे. इथं दुसरं काही असायला नको. आता थांब."

काच थांबली.

गुलाबी रंगाच्या त्या मोकळ्या पसाऱ्यात मधोमध काहीतरी वसलं होतं. गोल, लांबट अशा पाच-सहा खोल्या. प्रत्येक खोलीच्या भिंतीला जांभळ्या, उंच पेशी एकीला एक खेटून उभ्या, एकही रांगेबाहेर नाही. खोल्यांच्या भोवती बारीक निळसर पेशींची दाटी, आणि त्या दाटीत जागोजागी तपकिरी ठिपके.

"ते जुनं रक्त," मॅडम म्हणाल्या.

मेणबाई भिंगावर आणखी वाकली. "मी हे हजारदा पाहिलंय मॅडम," ती हळूच म्हणाली. "म्हणजे, रंग नीट बसलाय का, घडी पडलीय का, तेवढंच बघायचे. हे असं..."

"सुंदर आहे, नाही?"

मॅडमच्या तोंडून हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता.

"मला तीस वर्षं झाली, अजून नवल वाटतं," मॅडम पुढं म्हणाल्या. डोळे भिंगावरच होते. "ह्याला डोळे नाहीत, कान नाहीत. आपण कुठं येऊन पडलोय ह्याला ठाऊक नाही. पण महिना भरत आला की हे बाळासाठी अंथरूण घालतं. आतड्यावर असलं तर आतड्यावर घालतं. कुणी येत नाही. मग ते अंथरूण उचलायला जातं, तर रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. तिथंच साकळतं. तेच तुझं दुखणं. पुढच्या महिन्यात पुन्हा अंथरूण. एकदाही चुकत नाही."

मेणबाई बघत राहिली. सत्तावीस वर्षं ती या दुखण्याला शिव्या देत आली होती. पोटात कुणी वैरी बसलाय, दात-नखं असलेला, असंच तिच्या मनात असायचं. आणि इथं तर वैरी कुणी नव्हताच. चुकल्या जागी उतरलेलं, पण कामाला इतकं इमानी काहीतरी होतं. कुणी सांगितलं नाही, कुणी शाबासकी दिली नाही, तरी तारीख न चुकवता राबणारं. हे सगळं आपल्या आत चाललं होतं, भाजी चिरताना, झोपलेलं असताना, ठोकळे कापताना. एवढा मोठा कारभार, आणि आपल्याला फक्त त्याची कळ तेवढी कळत होती.

"कधीपासून दुखतंय?" मॅडमनी विचारलं.

"चौदाव्या वर्षापासून."

"आणि इथं तू बावीस वर्षं आहेस."

"हो."

मॅडमनी डोळे वर केले. "म्हणजे माझ्यापुढं जे काप आले ते सगळे..."

"सगळे नाही हो मॅडम. महिन्यातले पंधरा दिवस बरे जायचे."

"तुझ्या कापांवरून मला कधीच कळलं नाही," मॅडम म्हणाल्या. एखाद्या काचेवरचा आजार नजरेतून निसटला आणि तो आता वर्षांनी सापडला, अशा आवाजात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काढ की ठेव, ते मी सांगणार नाही. माझं काम बघायचं आहे, सांगायचं नाही. पण तुझी इथं आली तर ती मी स्वतः बघेन. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

दुसऱ्याच दिवशी तिनं अर्धी सुट्टी टाकली आणि डेपोत गेली. डॉक्टरीणबाईंनी दोघांना मिळून बोलावलं होतं, तेव्हा नवऱ्याला तिथूनच घेऊन जायचं असं ठरलं होतं. तो शेडच्या कोपऱ्यात, उलट्या ठेवलेल्या लांब सीटवर वाकून बसला होता. हातात वाकडी सुई, दातांत दोरा.

"एवढी कड घेतो नि निघू," तो दोऱ्याआडून म्हणाला.

ती शेजारच्या, अजून कापड न चढवलेल्या सीटवर बसली. फोम तिच्या वजनानं हळूच खाली गेला.

"अहो, एक विचारते. त्या दिवशी तुम्ही उठून का गेलात?"

सुई दोनदा आत-बाहेर झाली. मग त्यानं दोरा तोंडातून काढला, पण वर पाहिलं नाही.

"ती तिथं होती ना," तो म्हणाला.

"कोण?"

विचारता विचारताच तिला कळलं.

"अकरा आठवडे होती. मी मनात 'ती'च म्हणतो. तुला कधी बोललो नाही. तुझ्या दुखण्यात आणखी हे कशाला." त्यानं शिवणीवरून अंगठा फिरवला, टाके घट्ट आहेत का पाहिलं. "तेव्हा त्या डॉक्टरनं सांगितलं, सगळं साफ झालंय, काही राहिलेलं नाही. आपल्याला काही दाखवलं नाही, काही हातात दिलं नाही. मग माझ्यापाशी काय उरलं? ती तिथं होती, एवढंच. तिचा तो एकच पत्ता आहे आपल्याकडं."

शेडच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी पत्रा ठोकत होतं. ते थांबेपर्यंत त्यानं आणखी तीन टाके घातले.

"आणि तोच पत्ता दर महिन्याला तुझा जीव काढतो, हेही मी बघतोय. मग मी काय सांगू तुला? काढ म्हणू? ठेव म्हणू? माझ्या तोंडून दोन्ही निघत नाही."

मेणबाईला वाटत होतं, हा माणूस विसरला. नऊ वर्षांत एकदाही त्यानं विषय काढला नव्हता, आणि ती मनातल्या मनात त्याचा हिशेब धरून बसली होती. इकडं हा रोज पन्नास माणसांच्या सीटा शिवत होता आणि त्या एकीची जागा जपून होता. ती त्याच्याकडं, त्या परिचयाच्या, पिकू लागलेल्या डोक्याकडं अशी बघत राहिली की जणू तोही कुणीतरी आताच काचेखाली आणून ठेवला होता.

"आधी सांगायचं ना हो," एवढंच ती म्हणाली.

"तू तरी कुठं सांगितलंस?"

ते खरं होतं. त्यानं दोऱ्याला गाठ मारली, तोडला, आणि दोघं निघाले. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळं समजावलं. दोघांनी ऐकून घेतलं आणि आठवड्यानं सांगतो म्हणाले.

फोनवर बातमी कळली तशी रविवारी आई आली. सत्तरी ओलांडलेली, काटक, बसमध्ये कुणी जागा दिली तर अपमान मानणारी बाई. आल्या आल्या पिशवी खाली न ठेवताच तिनं सुरुवात केली.

"काढायची नाही. सांगून ठेवते. आमच्या शेजारणीनं काढली नि वर्षभरात गुडघे कुरकुरायला लागले तिचे. बाई आतून पोकळ होते."

"आई, पोकळ नाही होत. आतडी सरकून बसतात तिथं."

"तुला सगळंच ठाऊक! बरण्यांत हात घालून घालून तुला त्याचं काही वाटेनासं झालंय."

मेणबाईला हसू आलं. पण दुपारी जेवणं झाल्यावर ती ताट विसळायला उठली आणि कळ आली ती अशी की ताट हातातून सुटलं. कशीबशी ती न्हाणीघरापर्यंत पोचली. दार लावायलाही झालं नाही. थंड फरशीवर कुशीला पडून, गुडघे छातीशी घेऊन तिनं भिंतीला पाठ लावली. नेहमी ती असंच करायची, पण नेहमी दार बंद असायचं.

आई दारात आली आणि तिथंच थबकली. मग ती आत आली आणि ओल्या फरशीवर, लेकीच्या डोक्याशी बसली. पंधरा-वीस मिनिटं तशीच गेली. कळेचा जोर थोडा ओसरला तेव्हा आई म्हणाली, "तो निळ्या पट्ट्यांचा टॉवेल आठवतो तुला?"

"कुठला?"

"आपल्या जुन्या घरातला. कडेला भोकं होती. तू विचारायचीस, आई, हे कुणी केलं?"

"उंदरानं कुरतडलेला. तूच सांगायचीस."

"आपल्या घरात उंदीर नव्हता गं कधी."

मेणबाईनं मान वळवून वर पाहिलं. आई समोरच्या नळाकडं बघत होती.

"तुम्ही मुलं शाळेत गेलात की मी दार लावून घ्यायची. टॉवेल तोंडात कोंबायची, म्हणजे आवाज शेजारी जायला नको. तू चौदा वर्षांची झालीस, कळवळून माझ्याकडं आलीस, तेव्हा मी म्हणाले, होतं असं." आईचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "मी खोटं नव्हते बोलत. मला खरंच वाटायचं, सगळ्याच बाया टॉवेल चावतात."

मेणबाईनं हात लांब करून आईचं पाऊल धरलं. आईचं ते सुरकुतलेलं, टाच फुटलेलं पाऊल. या बाईनं तीन मुलं वाढवली, सासूसासऱ्यांचं केलं, दुपारपाळीला कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून डबे भरले. आणि हे सगळं त्या टॉवेलसकट. कुणालाही, अगदी पोटच्या पोरीलाही पत्ता लागू न देता. मेणबाईला मॅडमच्या काचेवरची ती पेशींची रांग दिसली, एकीला एक खेटून. तिला आईची भीती वाटली थोडी, डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून वर बघताना वाटते तशी.

"तुला तेव्हा कुणी विचारलं असतं तर?" तिनं विचारलं.

"मला? मी त्याच दिवशी काढून घेतली असती," आई म्हणाली. "चल, ऊठ आता. फरशी गार आहे."

मेणबाई उठली. आईनं सांगितलं म्हणून नव्हे, आणि नवऱ्यानं सांगितलं नाही म्हणूनही नव्हे. पण फरशीवरून उठताना, भिंतीचा आधार घेता घेता, तिचं ठरलेलं होतं. आता ती त्या पिशवीवर चिडलेली नव्हती. चिडून काढून टाकायची नाही, एवढंच तिला हवं होतं बहुधा. खूप वर्षं राबलेल्या माणसाला आपण म्हणतो ना, झालं आता, बसा, तसं तिला त्या पिशवीला म्हणायचं होतं.

सोमवारी तिनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "काढा. पण मला ती बघायचीय. मलाही आणि ह्यांनाही."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. "तुमच्या मॅडमना विचारते," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. पिशवी निघाली, एक बीजकोश राहिला, आतड्यापाशी चिकटलेलं बरंचसं सुटलं, थोडं राहिलं. शुद्धीवर आल्यावर मेणबाईला पहिल्यांदा जाणवलं ते दुखणंच, पण ते अनोळखी होतं. टाक्यांचं, वरवरचं, बोट ठेवून दाखवता येईल असं. दुसऱ्या दिवशी ते आदल्या दिवसापेक्षा कमी होतं. तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. दिवसागणिक कमी होत जाणारं दुखणंही असतं, हे ती साफ विसरून गेली होती. खिडकीशी पडल्या पडल्या तिनं त्याची मजा घेतली.

ऑपरेशनच्या दिवशी बरणी खाली कशी गेली ते तिला नर्सनं सांगितलं. बरणीमामा थिएटरच्या दारात आले, चिठ्ठीवरचं नाव वाचलं, ढकलगाडी तिथंच सोडली आणि ती एकटी बरणी दोन्ही हातांत धरून जिन्यानं उतरले. लिफ्टनं गेले नाहीत. वाटेत कुणाशी बोललेही नाहीत. नर्सला वाटलं, म्हाताऱ्याला बरं नसावं.

चौथ्या दिवशी सकाळी नवरा तिला चाकाच्या खुर्चीतून खाली घेऊन आला. प्रयोगशाळेच्या दारापाशी तिनं खुर्ची थांबवायला सांगितलं आणि उठून चालत आत गेली. बावीस वर्षांत ती इथं कोटाशिवाय कधी आली नव्हती. आज अंगावर वॉर्डातला ढगळ गाऊन होता. बाकीचे आपापल्या टेबलांवर माना खाली घालून कामात होते, जरा जास्तच. मॅडम कापायच्या टेबलाशी हातमोजे घालून उभ्या होत्या. पलीकडं फळीवर बरण्या रांगेनं वाट बघत होत्या, कालच्या आणि परवाच्याही.

"पाच मिनिटं," मॅडम म्हणाल्या. आणि बरणीचं झाकण उघडलं.

पांढऱ्या फळीवर ती ठेवली तेव्हा मेणबाईच्या मनात आपोआप आकडा आला, एकशे साठ ग्रॅम असेल. आणि आला तसाच तो निघून गेला. फिकट तपकिरी, गोलसर, भिंत फुगलेली. मूठभर असायची ती दोन मुठींची झाली होती. हिनंच. चौदाव्या वर्षापासून काल-परवापर्यंत, हिनंच.

"एवढीशी?" नवरा म्हणाला.

त्याच्या आवाजाला काय झालं होतं ते कळेना. इतकी वर्षं घरात जिची भीती वागवली, ती प्रत्यक्षात त्याच्या पंजाखाली झाकली गेली असती.

"हात लावू का?" त्यानं मॅडमना विचारलं.

मॅडमनी त्याला हातमोजा दिला. सुई टोचून टोचून घट्टे पडलेली बोटं मोज्यात शिरायला वेळ लागला. मग त्यानं पंजा उघडा करून, वजन न टाकता, तिच्यावर ठेवला. क्षणभर. आणि काढून घेतला.

"उघडू?" मॅडमनी मेणबाईकडं बघून विचारलं.

मेणबाईनं होकारार्थी मान डोलावली.

मॅडमनी लांब पातं घेतलं आणि एकाच सरळ हातानं ती मधोमध उघडली. जाड भिंतीच्या आत एक छोटी, चपटी, त्रिकोणी फट होती. वरच्या बाजूला रुंद, खाली निमुळती.

"ती कुठं होती?" नवऱ्यानं विचारलं.

'ती' कोण, ते मॅडमना सांगावं लागलं नाही. त्यांनी सळईचं टोक त्या फटीच्या वरच्या कडेशी धरलं. "बहुधा इथं."

"एवढ्या जागेत?"

"एवढ्याच. तुम्ही, मी, आपण सगळे एवढ्याच जागेत सुरू झालो."

तो वाकला. मेणबाईही टाके सांभाळत वाकली. दोघांची डोकी एकमेकांना लागली. अंगठ्याच्या दोन पेरांएवढी ती जागा होती, आणि दोघं एखाद्या विहिरीत डोकावावं तसे तिच्यात बघत राहिले. मेणबाईनं शेकडो उघडलेल्या पाहिल्या होत्या. तरी आता तिला वाटलं, ही गोष्ट आपण आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय.

मॅडमनी पायानं स्टूल ओढून तिच्याजवळ सरकवलं. "बस," त्या म्हणाल्या. मग हात वर करून त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं आणि टेबलावरची डोळ्यांना झोंबणारी वाफ ओढून घेणारा पंखा मुद्दाम बंद केला. दिवसभर घरघरणारी ती खोली एकदम शांत झाली. फॉर्मॅलीनची वाफ टेबलावरून हळूहळू वर आली. तिघांचेही डोळे झोंबू लागले, पाणी आलं, आणि कुणीच ते पुसलं नाही.